वाचक विचारतात : लाल दोरीची गाठ

(इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात वयस्क आशियाई भाडेकरूंच्या घरसंकुलांत ३१ वर्षं काम करून २०१९ मध्ये निवृत्त झालेल्या एका मराठी बाईंकडे आम्ही तुमचे प्रश्न पाठवले होते. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.)

प्रश्न : परक्या देशात जाऊन तुम्ही इतकी वर्षं वृद्धांची सेवा केलीत, याचं फार कौतुक वाटतं. ही प्रेरणा कुठून मिळाली?
– एक वाचक, कोल्हापूर

कौतुकाबद्दल आभार, पण आधी एक दुरुस्ती करते. सेवा नव्हे, नोकरी. पगार होता, रजा होती, युनियन होती, आता पेन्शनही आहे. सेवा म्हटली की करणाऱ्याला चुकायची सोय राहत नाही आणि ज्याची करतो त्याला तक्रार करायची. माझे भाडेकरू माझ्याविरुद्ध ऑफिसात तक्रारी करायचे, आणि का करू नयेत? भाडं भरत होते ते.

प्रेरणाबिरणा काही नाही हो. १९८४ मध्ये लग्न होऊन कराडहून लेस्टरला आले आणि मोज्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. हे गावच मोजे-बनियनच्या कारखान्यांचं. १९८८ मध्ये आमच्याकडचं काम कमी झालं. तेव्हा शेजारणीनं एक जाहिरात दाखवली : आशियाई वृद्धांच्या शेल्टर्ड हाउसिंगसाठी (म्हाताऱ्यांना भाड्यानं दिलेल्या फ्लॅटांचं संकुल, देखरेखीला एक वॉर्डन) ‘रिलीफ वॉर्डन’ हवी. म्हणजे मुख्य वॉर्डन रजेवर गेली की तिच्या जागी. अट होती, इंग्रजी आणि गुजराती यावं. इंग्रजी येत होतं. गुजराती येतं म्हणून मी ठोकून दिलं. कारखान्याच्या कँटीनमध्ये ऐकून ऐकून जेवढं आलं होतं तेवढंच माझं भांडवल.

तिथले बहुतेक भाडेकरू युगांडा आणि केनियातून आलेले गुजराती. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवस दिले. सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनला आली. लेस्टरच्या काउन्सिलनं, म्हणजे नगरपालिकेनं, तर ‘युगांडा अर्गस’ या तिथल्या पेपरात जाहिरातच दिली होती की आमच्याकडे येऊ नका, जागा नाही, शाळा भरलेल्या आहेत. लोकांनी त्यातून एवढंच घेतलं की लेस्टर नावाचं गाव आहे आणि तिथं आपली माणसं आहेत. जी बाई पन्नाशीत आली ती मी कामाला लागले तेव्हा पासष्टीच्या पुढं गेलेली. मुलाचं घर म्हणजे चाळीसारखं ओळीतलं, खाली दोन खोल्या, वर दोन, मध्ये शिडीसारखा जिना. नातवंडं मोठी झाली, आजीचं अंथरूण बैठकीत आलं. अशा वेळी लोक आमच्याकडे अर्ज करत.

आता काम काय, ते एका प्रसंगातून सांगते. आमच्या प्रत्येक फ्लॅटमध्ये, न्हाणीघरात सुद्धा, छतापासून जमिनीपर्यंत लोंबणारी एक लाल दोरी असते. पडलात, छातीत दुखलं, तर ओढायची. दिवसा वॉर्डनला आवाज जातो, रात्री कंट्रोल सेंटरला. पहिल्याच वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या एका बांच्या (गुजरातीत आई-आजीला ‘बा’ म्हणतात) न्हाणीघरात ती दोरी गुंडाळून पार वर, माझ्या कपाळाच्या उंचीला गाठ मारलेली दिसली. मी सोडली. ‘बा, जमिनीवर पडलात तर हात पोचायला नको का?’ म्हणून चार शब्द ऐकवले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गाठ. पुन्हा सोडली, पुन्हा भाषण. तिसऱ्या वेळेला गाठ दुहेरी.

मला राग आला होता, हे कबूल करते. शेवटी एकदा भाषण न देता त्यांच्याकडे चहा घेत बसले तेव्हा कळलं. इथल्या न्हाणीघरात दिव्याचं बटणही दोरीचंच असतं, ओल्या हातानं शॉक बसू नये म्हणून. दिव्याची पांढरी, धोक्याची लाल. साबणाच्या डोळ्यांनी बांनी चुकून लाल ओढली. आणि अंगावर कपडा नसताना भिंतीतून एका पुरुषाचा आवाज आला, इंग्रजीत. ‘हॅलो? आर यू ऑल राइट?’ बा ओल्या अंगानंच कोपऱ्यात बसून राहिल्या. त्यांना वाटलं, आवाज येतो म्हणजे तिकडून दिसतही असणार. त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही. कसं सांगणार?

मग मी त्यांना हॉलच्या भिंतीवरचा स्पीकर दाखवला, स्क्रू काढून आतलं दाखवलं. डोळा नाही, फक्त कान आणि तोंड. त्यांच्यासमोर दोरी ओढली, कंट्रोलवाल्याशी बोलले, मग त्यांना बोलायला लावलं. ‘आय ओके, थँक्यू’ एवढंच शिकवलं. आणि कंट्रोल सेंटरला पत्र लिहिलं, की आमच्या बिल्डिंगमधून हाक आली तर जमेल तेव्हा बाईनं बोलावं. ‘जमेल तेव्हा’ हे शब्द त्यांनी फार मनावर घेतले, म्हणजे क्वचितच जमलं. पण बांनी गाठ पुन्हा मारली नाही. फक्त दोरीच्या टोकाला एक छोटी घंटी बांधली, हाताला लागली की आधी वाजावी म्हणून. नियमात बसत नव्हतं ते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

प्रश्न : आम्ही रेडिंगला राहतो. आई साताऱ्याला एकटी, वय ७६. बाबा गेल्या वर्षी गेले. तिला कायमचं इकडे आणायचं आहे. आधी व्हिजिटर व्हिसावर आणून मग काही करता येईल का?
– एक वाचक, रेडिंग

आधीच सांगते. इमिग्रेशनचा सल्ला द्यायला इथं नोंदणी लागते, नोंदणी नसताना दिला तर तो गुन्हा आहे. माझी नोंदणी नाही. नोंदणीकृत सल्लागार किंवा सॉलिसिटर गाठा. मी फक्त नियम काय म्हणतो ते सांगते.

‘आधी आणू, मग बघू’ हा विचार डोक्यातून काढून टाका. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिने, आणि कायमच्या अर्जाचा जो रस्ता आहे, ‘ॲडल्ट डिपेंडंट रिलेटिव्ह’, त्याचा अर्ज ब्रिटनबाहेरूनच करावा लागतो. ९ जुलै २०१२ पासून हा नियम इतका आवळला की बहुतेक अर्ज दारातच अडकतात. आई एकटी आहे, उदास आहे, मुलाची आठवण काढते, यातलं काहीही पुरत नाही. रोजची साधी कामं, म्हणजे आंघोळ, कपडे, जेवण करणं, दुसऱ्याच्या मदतीशिवाय तिला दीर्घकाळ जमत नाहीत, हे दाखवावं लागतं. शिवाय तुम्ही इकडून पैसे पाठवूनही तशी मदत साताऱ्यात मिळत नाही किंवा परवडत नाही, हेही. आता तुम्हीच सांगा, पौंडात कमावणाऱ्या मुलानं ‘साताऱ्यात बाई मिळत नाही’ हे कसं सिद्ध करायचं? आणि तुम्ही स्वतः वर्क व्हिसावर असाल तर हा रस्ता नाहीच. नागरिकत्व किंवा कायमचा राहण्याचा हक्क हवा.

समजा मिळाला व्हिसा. पाच वर्षं तिचा सगळा खर्च, राहणं, देखभाल तुमच्यावर, तसं लिहून द्यावं लागतं. तोवर पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांना सरकार देतं ती भर) नाही, काउन्सिलचं घर नाही. म्हणजे आमच्यासारख्या संकुलाचं दारही बंद. ती तुमच्याच घरात राहणार. तेव्हा व्हिसाच्या आधी घराकडे पाहा. खालच्या मजल्यावर संडास आहे का? रात्री दोनदा उठून ती जिना चढणार आहे का? सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घरात कोण असतं?

हा शेवटचा प्रश्न मी खूप कुटुंबांना विचारला आहे आणि उत्तर नेहमी एकच : ‘टीव्ही आहे ना, मराठी चॅनल लावून दिले आहेत.’ साताऱ्यात तिच्या दारावरून दिवसाला वीस माणसं जात असतील. रेडिंगला जातो तो फक्त पोस्टमन, आणि त्याच्याशी काय बोलायचं हे तिला माहीत नाही.

आलीच तर पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी करा. तिला घराची स्वतःची किल्ली द्या. आणि पेन्शनच्या वयावरच्या रहिवाशांना इंग्लंडभर मिळणारा बसचा फुकट पास काढा; आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर चालतो. मी आमच्या बायकांना इंग्रजी अक्षरं शिकवण्याच्या फंदात पडले नाही, बसचे नंबर शिकवले. नंबर वाचता आला की माणूस देवळात जातो, बाजारात जातो, चुकला तर परत येतो.

प्रश्न : माझे आई-वडील (७४ आणि ७९) लंडनजवळ हाउसिंग असोसिएशनच्या फ्लॅटमध्ये राहतात. दोघांना पेन्शन क्रेडिट मिळतं. दर थंडीत तीन-चार महिने पुण्यात राहावं, पुढे जमलं तर कायमचंच जावं, असं त्यांच्या मनात आहे. काही अडचण येईल का?
– एक वाचक, हॅरो

येईल. आणि बरं झालं तिकीट काढायच्या आधी विचारलंत.

पेन्शन क्रेडिट घेणाऱ्याला परदेशात साधारणपणे चार आठवड्यांपर्यंतच राहता येतं. तिथं जवळच्या नात्यातलं कोणी वारलं आणि परतणं शक्य नसलं तर आठ. २०१६ पासून हा नियम आहे, त्याआधी तेरा आठवडे चालायचे. आमच्या जुन्या भाडेकरूंच्या डोक्यात ते तेरा आठवडेच बसलेले. घरभाडं भरणारं हाउसिंग बेनिफिटही त्याच चार आठवड्यांत अडकतं. तीन महिन्यांनी माणूस संक्रांतीचे तिळगूळ घेऊन परत येतो, आणि दारात पत्रांचा ढीग : पैसे बंद, भाडं थकलं, उचललेले परत करा. एका आजोबांवर ही पाळी आली तेव्हा ते मला म्हणाले, ‘बेन, मी चोरी कुठं केली? माझ्या गावाला गेलो होतो.’ मी काय बोलणार? फॉर्म भरायला बसले. त्या वर्षी असे चार फॉर्म भरले.

अटेंडन्स अलाउन्सचा हिशोब वेगळा, ती रक्कम तात्पुरतं बाहेर गेल्यास तेरा आठवडे चालते. जाता जाता विचारते, वडिलांना ती मिळते ना? पेन्शनच्या वयाच्या माणसाला आजारामुळे रोजच्या कामांत मदत किंवा लक्ष लागत असेल तर ही मिळते. उत्पन्न, बचत काही बघत नाहीत. २०२५–२६ मध्ये आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड. आपली माणसं मागतच नाहीत. फॉर्ममध्ये विचारतात, ‘अंघोळीला मदत लागते का?’ आजोबा ऐटीत ‘नाही’ लिहितात, आणि पाठ चोळून द्यायला, मोजे चढवायला, टबातून बाहेर काढायला आजी. ती मदत नसतेच त्यांच्या लेखी. बायको आहे ती. मी असे फॉर्म भरताना आजोबांना बाहेर पाठवायचे आणि आजीला विचारायचे.

कायमचं जायचं असेल तर आणखी एक. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण गोठते. म्हणजे ज्या दिवशी ते भारतात कायमचे राहायला गेले त्या दिवशीची रक्कम पुढे वर्षानुवर्षं तीच. इथल्या लोकांना दर एप्रिलला वाढ मिळते, भारतातल्यांना नाही. काही देशांशी करार आहेत, भारताशी नाही. पेन्शन क्रेडिट आणि अटेंडन्स अलाउन्स कायमचे बंद, फ्लॅटही सोडावा लागणार. आणि चार वर्षांनी गुडघा बदलायला म्हणून परत यावं, तर फुकट उपचाराचा हक्क तुम्ही इथं खरोखर राहता की नाही यावर ठरतो.

जाऊ नका असं म्हणत नाही मी. पुण्यात त्यांचं स्वतःचं घर असेल, लिफ्ट असेल, जवळ भाचा-पुतण्या असेल तर आकडेमोड करून खुशाल जावं. फक्त ती आकडेमोड त्यांनी करावी, तुम्ही नव्हे. तुमच्या पत्रात ‘त्यांच्या मनात आहे’ असं एकदाच आलंय आणि बाकी सगळं पत्र तुमच्या काळजीचं आहे.

प्रश्न : इंग्लंडमध्ये इतके मराठी लोक आहेत, तर फक्त मराठी माणसांचा एखादा वृद्धाश्रम का काढत नाहीत?
– एक वाचक, डोंबिवली

दर गणपतीत हा प्रश्न कोणीतरी विचारतंच, आणि आरती झाली की विसरतं.

पहिलं म्हणजे शेल्टर्ड हाउसिंग हा वृद्धाश्रम नव्हे. स्वतःचं दार, स्वतःची किल्ली, स्वतःच्या नावचा भाडेकरार. वॉर्डन (पुढे आम्हाला ‘स्कीम मॅनेजर’ म्हणू लागले, पगार तोच) दारावर टकटक करून आत येते. एक्स्ट्रा केअर म्हणजे तसंच घर, पण आंघोळ-औषधं बघणारी माणसं इमारतीतच. केअर होम ही तिसरीच गोष्ट. आपण तिन्हींना एकच शब्द लावतो आणि मग एकाच तोंडानं नाही म्हणतो.

दुसरं, हिशोब. असं संकुल चालायला तीस-चाळीस फ्लॅट भरलेले लागतात, आणि कायम भरलेले. मराठी माणसं देशभर विखुरलेली, त्यात स्वतःची घरं असलेली पुष्कळ. गुजराती, पंजाबी, कॅरिबियन लोकांना जमलं कारण ते एकेका गावात एकवटलेले होते, आणि हाउसिंग कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेनं १९८६ पासून अल्पसंख्याकांच्या हाउसिंग असोसिएशनना (नफा न घेता घरं भाड्यानं देणाऱ्या संस्था) मुद्दाम पाठबळ दिलं. त्यामागं जुनं दुखणं होतं. १९६८ चा कायदा येईपर्यंत घरमालकानं ‘काळ्यांना जागा नाही’ अशी पाटी लावली तरी ते बेकायदा नव्हतं.

तिसरं, तुम्हाला वाटतं एक भाषा म्हणजे भांडणं नाहीत? आमच्याकडे सगळे गुजरातीच. सामायिक स्वयंपाकघरात अंडं चालेल का, यावर १९९४ मध्ये जी बैठक सुरू झाली ती मी निवृत्त झाले तेव्हाही तहकूबच होती.

प्रश्न : वडील बर्मिंगहॅमजवळच्या एका केअर होममध्ये आहेत. डिमेन्शिया आहे. चाळीस वर्षं इंग्रजीत नोकरी केली, पण गेल्या वर्षभरात इंग्रजी पार गेलं, फक्त मराठी बोलतात. स्टाफला कळत नाही. आम्ही आठवड्यातून दोनदाच जाऊ शकतो. काय करावं?
– एक वाचक

हे होतं. नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते, पहिली उरते. तुमच्या वडिलांनी इंग्रजी ‘सोडलं’ नाही, आणि ते हट्टही करत नाहीत. हे स्टाफला आधी सांगा.

मंडळातल्या ओळखीतून मी एकदा अशाच एका गृहस्थांना भेटायला गेले होते. रत्नागिरीकडचे. स्टाफ म्हणाला, ते सारखे बाहेर जायचं म्हणतात, दारापर्यंत नेलं की रडतात. मी तासभर शेजारी बसले. खुर्चीतून उठवताना ते म्हणाले, ‘आई गोऽ’. तिथल्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, ‘बघा, आय गो, आय गो.’ आणि त्यांना दाराकडे चालवायला लागली. त्यांचा उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता. आठवडाभर त्या माणसाला कळ आली की चालायला लावत होते. ती मुलगी दुष्ट नव्हती, उलट फार मायाळू होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा एक कागद करा. मोठ्या अक्षरात, वडील जे शब्द खरोखर वापरतात तेच, शब्दकोशातले नव्हे. ‘लघवी’ म्हणतात की ‘शू’ की ‘एक नंबर’? दुखलं तर काय म्हणतात? नको असेल तर ‘नको’ म्हणतात की नुसतं तोंड फिरवतात? शब्द, त्याचा उच्चार इंग्रजी अक्षरांत आणि त्याचा अर्थ. पंधरा-वीस शब्द बस्स. तो कपाटाच्या आतल्या बाजूला नव्हे, पलंगाच्या डोक्याशी लावा आणि एक प्रत त्यांच्या केअर प्लॅनमध्ये घाला. नवीन माणूस कामावर आला की आधी तो केअर प्लॅन वाचतो, निदान वाचायला हवा.

तपासणीच्या वेळी दुभाषा मागा. २०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे काउन्सिलनं गरजांची तपासणी करायची असते, पैसे असोत-नसोत, आणि त्यात माणसाला भाग घेता आला पाहिजे. मुलानं किंवा सुनेनं दुभाषाचं काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वडील तुमच्यासमोर ‘बिछाना ओला होतो’ म्हणणार नाहीत, आणि म्हणाले तरी तुम्ही ते सौम्य करून सांगाल.

आणि स्मरणशक्तीची चाचणी कोणत्या भाषेत, कोणत्या प्रश्नांनी घेतली ते जरूर विचारा. २००२ च्या नोव्हेंबरात आमच्या एका मासींची चाचणी घरी घेतली. मी बाजूला. ‘आत्ता कोणतं वर्ष चालू आहे?’ मासी ठामपणे म्हणाल्या, ‘बे हजार ओगणसाठ.’ दुभाषानं इमानदारीत सांगितलं, २०५९. चाचणी घेणाऱ्या बाईंनी ‘चूक’ अशी खूण केली. मासींच्या डोक्यावर भिंतीला देवळातून आलेलं कॅलेंडर होतं, दिवाळी नुकतीच झाली होती, विक्रम संवत २०५९ लागलं होतं. बरोबर होत्या त्या, एका दिवसानंही चुकल्या नव्हत्या. मी बोलले तेव्हा त्या बाईंनी गुण बदलला, पण पेन्सिलीनं. विविध भाषांच्या लोकांसाठी मुद्दाम बनवलेल्या चाचण्या आता आहेत, सिडनीत तयार झालेली ‘रुडास’ त्यातली एक. तिच्यात वर्ष नि पंतप्रधान विचारत नाहीत. रस्ता कसा ओलांडाल ते विचारतात, हातांच्या हालचालींची नक्कल करायला लावतात, वाणसामानाची यादी लक्षात ठेवायला सांगतात. तिचं नाव घेऊन मागा.

प्रश्न : मी नाशिकला एमएसडब्ल्यू करते आहे. स्थलांतरित वृद्धांसाठीच काम करायचं ठरवलं आहे. एक एजंट १४ लाखांत यूकेचा केअर वर्कर व्हिसा देतो म्हणतो. जाऊ का?
– एक वाचक, नाशिक

नको. १४ लाखच काय, १४ रुपयेही देऊ नकोस.

केअर वर्करना बाहेरून बोलावण्याचा रस्ता फेब्रुवारी २०२२ मध्ये उघडला, मार्च २०२४ मध्ये त्यांना कुटुंब आणायची बंदी झाली, आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरतीच बंद झाली. जो एजंट आजही तो व्हिसा विकतोय तो काय विकतोय ते तूच ओळख. उघडा होता तेव्हा सुद्धा मी केरळच्या, पंजाबच्या मुली पाहिल्या : घर गहाण ठेवून आलेल्या, आणि इथं आल्यावर मालकाकडे आठवड्याला दहा तासांचंही काम नाही. त्या मुलींसाठी पत्रं लिहून देणं हे माझं निवृत्तीनंतरचं काम झालं होतं.

तुझा विचार मात्र मला आवडला, म्हणून थोडं सविस्तर. ज्या दिवशी नाशिकरोडच्या फ्लॅटमध्ये मुलानं सिन्नरच्या वस्तीवरून आई आणली, त्या दिवशी ती बाई स्थलांतरित वृद्ध झाली. लिफ्टची भीती, शेजारी अनोळखी, रेशनकार्ड गावचं, आधारवर जुना पत्ता, दवाखान्याचं कार्ड दुसऱ्या तालुक्याचं. माझ्या युगांडाच्या बांपेक्षा तिचं फार वेगळं नाही. सुरुवात तिथून कर. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा पाठ कर. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथं लोक काय विचारतात ते समजून घे.

या कामात काय यावं लागतं, तर माया नव्हे. माया सगळ्यांकडे असते आणि दुपारी तीनपर्यंत संपते. कागद वाचता यावा लागतो. माझ्या प्रत्येक भाडेकरूकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा, आणि त्यात अख्खं आयुष्य : जुने निळे पासपोर्ट, बोटीच्या पावत्या, युगांडातल्या जिंजाच्या शाळेचा दाखला, पहिल्या पगाराची चिठ्ठी. मुलं म्हणायची, फेकून द्या. मी म्हणायची, हात लावू नका. २०१८ मध्ये विंडरशचं प्रकरण फुटलं. १९७३ च्या आधी कायदेशीर आलेल्या माणसांना, मुख्यतः कॅरिबियन पण काही आपलेही, ‘तुम्ही इथले असल्याचा पुरावा दाखवा’ म्हणून सरकारनंच छळलं, आणि सरकारनंच त्यांची जुनी लँडिंग कार्डं २०१० मध्ये नष्ट केली होती. त्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधल्या कोणालाही रात्री झोप उडवून घ्यावी लागली नाही. डबे होते.

दुसरं, पैशाचा उगम ओळखता यायला हवा. आमच्या पगाराचा मोठा भाग २००३ पासून ‘सपोर्टिंग पीपल’ नावाच्या योजनेतून यायचा. २००९ मध्ये तो पैसा याच कामाला वापरायची सक्ती काढली. काउन्सिलांनी तो हळूहळू दुसरीकडे वळवला. इमारतीतच राहणारी वॉर्डन गेली. एका बिल्डिंगची मी तीन बिल्डिंगांत वाटली गेले. सकाळची टकटक गेली, तिच्या जागी फोन आला. फोनवर सगळ्याच बा ‘मजामां’ असतात. दार उघडल्यावर कळतं की गॅस कालपासून पेटलेला नाही.

पुढे इथंच शिकायचं झालं तर विद्यापीठातला रीतसर कोर्स घे, त्याच्या विद्यार्थी व्हिसावर ये. आधी मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्रयत्न कर, १९३६ पासून समाजकार्य शिकवताहेत ते. आणि अजून एक भाषा शीक. कोणतीही. तुझ्या पेशंटची असेल तर उत्तम.

प्रश्न : स्पष्ट विचारते, रागावू नका. तुम्ही स्वतः म्हातारपणी कुठे राहणार?
– एक वाचक, पुणे

रागवायचं काय त्यात. माझे यजमान गेले त्याला तीन वर्षं झाली. मुलगी एडिंबराला आहे, तिच्या घराला २२ पायऱ्या आहेत, मोजल्यात मी. गेल्या मार्चमध्ये अर्ज भरला, आमच्याच गावातल्या एका संकुलासाठी. मी जिथं काम केलं त्यांतलं नव्हे. तिथं राहिले तर दिवसभर नवीन मॅनेजरच्या चुका काढत बसेन.

फॉर्म ओळखीचा होता. असे कित्येकशे भरले असतील, पण दुसऱ्यांचे. तळमजला हवा, लिहिलं. टब नको, शॉवर हवा, लिहिलं. ‘घरी बोलली जाणारी भाषा’ या रकान्यात चौकोन होते : इंग्रजी, गुजराती, पंजाबी, उर्दू, बंगाली, पोलिश, इतर. ३१ वर्षं मी गुजरातीच्या चौकोनात खूण करत आले, हात आपसूक तिकडेच गेला आणि खूण झाली सुद्धा. मग ती खोडली, ‘इतर’वर केली आणि पुढच्या टिंबांवर ‘मराठी’ लिहिलं. खोडलेल्या जागी सही करावी लागते. केली.

फ्लॅट बघायला बोलावलं तेव्हा मी आधी न्हाणीघरात गेले. लाल दोरी होती, पण आधीच्या भाडेकरूनं वर गुंडाळून गाठ मारून ठेवलेली. दाखवायला आलेल्या मुलीला म्हटलं, जरा स्टूल आणतेस का?